कृष्णविवर ओढून घेत नाही

कृष्णविवर काही ओढून घेत नाही. दर नव्या बॅचला पहिल्या तासाला मी हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि मगच स्वतःचं नाव सांगते. लोक हसतात. त्यांनी सिनेमात आणि पोरांच्या खेळांत भोवरा बघितलेला असतो, गरागरा फिरणारा, त्यात ग्रह, तारे, यानं सगळी गडप होणारी. मी म्हणते, तो नदीतला भोवरा नव्हे. उद्या कुणी आपल्या सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर आणून ठेवलं, तर अंधार पडेल, थंडीनं आपण मरू, पण पृथ्वी आपली वाट सोडायची नाही. आज फिरते तशीच फिरत राहील. ओढ असते ती वजनाची, आणि वजन तर तेवढंच आहे.

मग त्यात काही पडतच नाही का, असं कुणीतरी विचारतंच. पडतं की. नेम धरून सोडलं तर पडतं. मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की तो स्वतःच्याच वजनाखाली कोसळतो, आणि त्याचा गाभा इतका दाबला जातो की त्याच्यापासून सुटायला प्रकाशाचा वेगही अपुरा पडतो. जिथून प्रकाश सुटू शकत नाही त्या सीमेला घटना-क्षितिज म्हणायचं. त्याच्या आत गेलेलं परत येत नाही, हे खरं. पण नेम चुकला तर वस्तू कृष्णविवराला वळसा घालते, वेगानं पलीकडे निघते आणि काळोखात चालू लागते. त्यानंतर तिला अडवायला कुणी नसतं.

हे वाक्य माझं नाही, माझ्या वडिलांचं आहे. हेरवाडकर सर. कोल्हापुरात हायस्कूलला पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि मग आमच्या खगोल मंडळाचा नवशिक्यांचा वर्ग मरेपर्यंत चालवला; आता तो मी चालवते. अख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून आम्ही भावंडंही नानाच म्हणायचो. माणूस महातापट. कुणी वर्गात 'कृष्णविवर खेचून घेतं' म्हणालं की खडू फेकून मारायचे, मग तो शाळकरी पोरगा असो की निवृत्त मॅनेजर. त्यांचा तापटपणा माझ्याकडे आला. गोड बोलणं आमच्या घरात कुणाकडेच नव्हतं, ते परागनं, माझ्या धाकट्या भावानं, कुठून पैदा केलं देव जाणे.

नानांच्या शेवटच्या वर्षी मोसंबी सापडली. त्या गोष्टीचं खरं नाव भलंमोठं आहे, पण आमच्याकडे तिला सगळे मोसंबीच म्हणतात. नेपच्यूनच्या पार पलीकडे गोठलेले बारके गोळे फिरतात. त्यांतले बरेचसे एकाच बाजूला कलल्यासारखे दिसायचे, तिथं कुणीतरी वजनदार बसल्यासारखं. लोकांनी वर्षानुवर्षं नववा ग्रह म्हणून शोधलं. काही दिसेना. मग सूर्याच्या प्रकाशाच्या रेट्यावर पळणारी, केसाहून पातळ शिडांची यानं तिकडे गेली. ती रेडिओवर सारखी टिकटिकत असायची. त्यांतल्या काहींची टिकटिक चुकायला लागली, म्हणजे त्यांची वाट वाकली होती. गणित केल्यावर कळलं की तिथं पृथ्वीच्या पाचपट वजन आहे. दुर्बिणी वळवल्या तर तिथं काहीच नाही. पाच पृथ्व्या दाबून नऊ सेंटिमीटरच्या गोळ्यात बसवल्या तर जे होईल, तेच ते होतं. एवढं बारकं कृष्णविवर ताऱ्यातून जन्मत नाही. विश्व जन्मलं त्या पहिल्या क्षणात, जिथं फार दाटी झाली तिथं ते झालं असणार, आणि तेव्हापासून ते तसंच आहे.

नाना त्या दिवशी मंडईत जाऊन एक मोसंबी घेऊन आले. पुढे कित्येक दिवस ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची. दुधवाला, रिक्षावाला, बँकेतला शिपाई, जो भेटेल त्याच्यासमोर ती धरायचे आणि म्हणायचे, एवढंसं, पण याच्या दहा किलोमीटरवर गेलास तर पायांवरची ओढ आणि डोक्यावरची ओढ यांत इतका फरक पडेल की तुझ्या चिंध्या होतील. आणि लांबून गेलास तर काही म्हणजे काही होणार नाही, हेही लक्षात ठेव. दुधवाला हो हो म्हणायचा. इतके खूश नाना मी आधी कधी बघितले नव्हते. त्या थंडीत ते गेले. राख परसातल्या लिंबाच्या आळ्यात टाका एवढंच सांगून गेले होते.

पण आईला सगळं रीतसर हवं होतं. दहाव्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलो. पिंड मांडला, आणि कावळा काही शिवेना. समोरच्या झाडावर ढीगभर बसले होते, पण एक खाली येईल तर शपथ. अशा वेळी काय करतात ते आपल्याला माहीतच आहे. मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय असं धरून एकेकजण शब्द देतो. काका म्हणाले, वर्ग बंद पडू देणार नाही. मी म्हणाले, तुमच्या दुर्बिणीची काळजी घेईन. आई म्हणाली, मी कुणाकडे हात पसरणार नाही. कावळे ढिम्म. ऊन चढायला लागलं. मग पराग पुढे झाला, हात जोडले आणि म्हणाला, "नाना, तुमच्या अस्थी मोसंबीपर्यंत पोचवतो." आणि त्याच क्षणाला कावळा आला.

त्याच वेळी शेजारच्या पिंडावरचे गुरुजी छत्री मिटून बाजूला झाले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. छत्रीला भिऊन कावळे येत नव्हते. पण कुणाला सांगणार? आई रडत होती आणि हसतही होती. तिच्या लेखी नानांनी स्वतः होकार दिला होता. आणि असा दिलेला शब्द पुरा झाला नाही तर जीव सुटत नाही, भटकत राहतो, हेही तिच्या लेखी तितकंच पक्कं होतं.

परागच्या तोंडी ते वाक्य आभाळातून पडलं नव्हतं. मोसंबी सापडल्यावर वर्षाच्या आत एक कंपनी उभी राहिली होती, 'क्षितिजापार' नावाची. चिमूटभर अस्थी नखाएवढ्या कुपीत घालायच्या, अशा शेकडो कुप्या एका शिडाच्या यानावर बसवायच्या आणि मोसंबीकडे सोडायच्या. जिथून परत येणं नाही तिथं कायमचं विसर्जन. पोचायला पंचवीसेक वर्षं. आमच्या भागातलं काम परागकडे होतं. बापाच्या दहाव्यालाच तो धंद्याचं बोलला असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणत नाही. त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटलं असेल.

नानांची कुपी पहिल्याच यानातून गेली. उड्डाण बघायला कंपनीनं हॉल घेतला होता, आणि आई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मी घरी येऊन गणित मांडलं. मांडायला नको होतं, पण हात थांबेनात. त्या वेगानं जाणारी कुपी मोसंबीत पडायची असेल, तर तिचा नेम अडीचशे-तीनशे मीटरच्या आत बसला पाहिजे. म्हणजे कोल्हापुरातून चंद्रावर ठेवलेला तीळ टिपायचा. यानाला वाटेत वळवायची सोय नाही, आणि मोसंबी नेमकी कुठे आहे हेच अजून हजारो किलोमीटर इकडेतिकडे. एकही कुपी आत पडणार नव्हती. सगळ्या थोडा वळसा घेणार होत्या आणि निघून जाणार होत्या.

तरी मी गप्प बसले असते. एक चिमूट राख कुठे का जाईना, नानांनाही त्याचं काही वाटलं नसतं. पण पुढच्या दिवाळीत जाहिरात आली. स्टँडसमोरच्या मोठ्या पडद्यावर नाना उभे होते, हातात मोसंबी, अंगात तोच सदरा. त्यांच्या वर्गाच्या जुन्या चित्रफिती देऊन कंपनीनं नाना बनवून घेतले होते. आवाज हुबेहूब. म्हणत होते, "बाळांनो, घाबरायचं नाही. एकदा जवळ गेलं की कृष्णविवर ओढूनच घेतं."

नाना जन्मात कुणाला बाळांनो म्हणाले नाहीत, गधड्यांनो म्हणायचे. मी भर रस्त्यात उभी राहून ती जाहिरात पुन्हा पुन्हा बघितली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ज्या एका वाक्यासाठी या माणसानं आयुष्यभर खडू फेकले, तेच वाक्य त्याच्या तोंडात कोंबलं होतं, आणि त्याचे विद्यार्थी ते ऐकून आपापल्या माणसांच्या राखा घेऊन रांग लावत होते. नाना सांगतायत म्हणजे खरंच असणार, असं म्हणत.

तशीच परागच्या ऑफिसात गेले. त्यानं चहा मागवला. मी म्हटलं, चहा राहू दे, आधी ते बंद कर. तो म्हणाला, आईनं परवानगी दिलीय, तिला आवाज ऐकायला मिळतो म्हणून. मी गणित सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि तेव्हा मला कळलं की त्याला हे आधीपासून माहीत होतं. इंजिनिअर होता तो. तीळ त्यानंही मोजला होता.

"पंचवीस वर्षांनी कोण बघायला जाणारे, ताई?" तो म्हणाला. "तुला बरोबर असायचं असतं. मला आईला झोप लागायला हवी असते."

मी त्याला नाही नाही ते बोलले. बापाला विकलास असंही म्हणाले. मी निघताना तो म्हणाला की आईला सांगायचं असेल तर खुशाल सांग, पण त्या बदल्यात तिला काय देणार आहेस तेही ठरवून जा.

मी सांगितलं. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. तिनंच विचारलं, "केतू, पोचतील ना गं ते?" मी तिच्यासमोर बसले आणि वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. ओढ कशी असते, नेम कसा लागतो, चुकला की काय होतं. मी चांगलं शिकवते, लोक सांगतात. आई एकेक देठ खुडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे भटकत राहणार." मी म्हटलं, आई, भटकत नाही, ती नुसती राख आहे. ती म्हणाली, "कायमचे?" गणित तेच सांगत होतं. तिला ज्याची सगळ्यात भीती होती, नेमकं तेच.

ती उठली आणि देवघरापाशी गेली. तिथं कंपनीनं दिलेली एक डबी होती, नानांच्या आवाजात बोलणारी. आई तिच्याशी दिवसभर बोलायची. खरे नाना एवढ्या संसारात कधी आमटी चांगली झालीय असं म्हणाले नव्हते, डबीतले रोज म्हणायचे. आईनं तिला विचारलं, "अहो, ते ओढून घेतं ना?" डबी म्हणाली, "हो तर. ओढूनच घेतं. तू काळजी करू नकोस, सुमती." आई माझ्याकडे वळून म्हणाली की तुझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. मी चप्पल घालून बाहेर पडले.

मला वाटलं, झालं, आता ही डबीवर विश्वास ठेवील आणि मी वाईट ठरेन. ठरले तर ठरले. पण तसंही झालं नाही. आई पुढे दर चार दिवसांनी मलाच विचारत राहिली. कधी फोनवर, कधी जेवताना, कधी देवळातून येताना मध्येच थांबून. पोचतील ना गं? ती काही खुळी नव्हती. इतकं गोड बोलणारा आपला नवरा नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नानांसारखी खेकसणारी, त्यांच्यासारखीच खोटं न बोलणारी घरात मी एकटी उरले होते. माझ्याकडून हो आलं असतं तर ते तिला नानांचं हो वाटलं असतं. डबीनं शंभरदा दिलेलं हो तिच्या उपयोगाचं नव्हतं.

आणि मी दिलं नाही. प्रत्येक वेळी विषय बदलला, नाहीतर वैतागले. एकदा म्हणाले, आई, तू नानांची बायको आहेस, तुझ्या तोंडी हे शोभत नाही. माझ्या डोक्यात एकच बसलं होतं, की पडद्यावरचे नाना रोज खोटं बोलतायत, तर निदान एका माणसानं त्यांचं खरं वाक्य सांभाळायला हवं. शेवटी तिला दवाखान्यात ठेवलं. पराग औषधं आणायला गेला होता. तिनं माझा हात धरला आणि पुन्हा तेच विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता. मी म्हणाले, "आई, तू झोप आता." तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पराग आल्यावर त्याच्याशी दोन शब्द बोलली, पाणी हवं म्हणून, आणि सकाळी गेली.

दहाव्याला पुन्हा तोच घाट. परागचे लोक, मंडळाचे लोक, माझे विद्यार्थी, बरीच गर्दी होती. पिंड मांडला. कावळा शिवेना. परागनं शब्द दिला की आई, तुझी कुपीही नानांच्या मागोमाग पाठवतो. कावळा नाही. काकांनी घराचं सांगितलं, आत्यानं दागिन्यांचं. मग परागनं फोन काढला, पिंडाजवळ धरला आणि त्यातून नाना बोलले, "सुमती, मी वाट बघतोय, ये." घाटावर कुणीतरी हुंदका दिला. कावळे झाडावर बसून इकडेतिकडे मान वळवत होते. छत्री कुठेही नव्हती, मी बघून घेतलं.

हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. पराग माझ्या शेजारी उभा होता, त्याचे डोळे सुजले होते, आणि त्यानं फक्त "ताई" एवढंच म्हटलं. मी पुढे गेले. पिंडासमोर वाकले. हळू बोलायचं ठरवलं होतं, पण मास्तरकी करून माझा आवाज असा झालाय की तो लहान होतच नाही. सगळ्या घाटाला ऐकू गेलं.

"आई, पोचतील गं नाना. ते ओढून घेतं. ओढूनच घेतं."

मी तिथंच बसून राहिले. मला त्या वेळी खरंच वाटत होतं की आता येईल. एवढं बोलल्यावर तरी येईल. मी, केतकी हेरवाडकर, झाडावरच्या कावळ्याकडे डोळे लावून बसले होते आणि मनात म्हणत होते, ये ना बाबा, ये. तो आला नाही. बराच वेळ गेल्यावर गुरुजींनी घड्याळ बघितलं, चार दर्भ घेऊन त्यांचा कावळा वळला आणि तो पिंडाला लावला. चालतं म्हणाले, शास्त्रात आहे. सगळ्यांना चाललं. लोक चुळा भरून चहाला गेले.

महिन्याभरात नवी बॅच सुरू झाली. मी फळ्यावर वाक्य लिहिलं, कृष्णविवर काही ओढून घेत नाही. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, चाळिशीच्या असतील, कपाळ मोकळं, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, नवऱ्याची कुपी दोन वर्षांपूर्वी पाठवलीय, नाना सरांचं ऐकून. त्या दिवशी त्या घाटावरही होत्या, दुसऱ्या कुणाच्या तरी दहाव्याला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही तर तिथं म्हणालात की ओढून घेतं."

वर्ग माझ्याकडे बघत होता. त्या बाईंचा चेहरा मला ओळखीचा होता. मेथी निवडताना आईचा होता तसाच. माझं एक हो त्यांना पुरलं असतं, आणि आता मला ते बोलता येत होतं, एकदा बोलून झालं होतं. मी खडू खाली ठेवला.

"नाही," मी म्हणाले. "ओढून घेत नाही."

"मग गेलेल्या आईशी खोटं बोललात?"

"हो. ती होती तेव्हाच बोलायला हवं होतं."

बाई पर्स उचलून निघून गेल्या. मी त्यांना थांबवलं नाही. फळ्याकडे वळले आणि नेहमीसारखा आधी सूर्य काढला.